घरचंच, पण विकत

मी आमच्याच गाईचं दूध आईकडून विकत घेते. रोज अर्धा लिटर, सोळा रुपये. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली पेनाने एक काडी ओढते आणि महिन्याच्या शेवटी काड्या मोजून मला आकडा सांगते. कॉलेजातल्या मैत्रिणींना हे ऐकून आधी हसू येतं, मग त्या विचारतात, "सख्खी आई आहे ना?" सख्खीच आहे. पण हे कसं सुरू झालं ते सांगायचं तर मागच्या पावसाळ्यापासून सांगावं लागेल.

आमचं गाव हिंगणघाटपासून आत. शेत सहा एकर, कोरडवाहू. कपाशी, सोयाबीन, मधे मधे तुरीच्या ओळी. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सोबत पोलीस भरतीची तयारी करते. सकाळी सहा वीसची एसटी, कॉलेज, दुपारी वाचनालय, पाच वाजता ग्राउंड, सातच्या गाडीने परत. घरी पोचेपर्यंत आठ. म्हणजे दिवसातले चौदा तास मी घराबाहेर, आणि त्या चौदा तासांत पोटात काय जायचं? सकाळी चहा आणि चार बिस्किटं. साडेदहाला कॉलेजसमोरच्या गाडीवर एक आलूबोंडा आणि चहा. एक वाजता डब्यातल्या दोन पोळ्या आणि आलूची भाजी. रात्री दोन पोळ्या, भात आणि वरण. आमच्या घरचं वरण तेव्हा असं असायचं की ताटात भाताच्या खालून वाहत जाऊन दुसऱ्या बाजूला निघायचं.

मुलींना भरतीत ८०० मीटर धावावं लागतं, १०० मीटर धावावं लागतं आणि चार किलोचा गोळा फेकावा लागतो. सप्टेंबरमधे एका संध्याकाळी ८०० मीटरचा दुसरा फेरा संपवला आणि डोळ्यांपुढे आधी पिवळं आणि मग काळं झालं. बसले. बसल्यावरही जमीन हलत होती. ग्राउंडवरच्या पोरींनी पाणी मारलं, एकीने पिशवीतला गूळ दिला. दुसऱ्या दिवशी आईने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन दहाच्या थोडं वर. सिस्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चहाबरोबर घेऊ नको, लिंबूपाण्याबरोबर घे असं सांगितलं. जाता जाता म्हणाली, "गोळ्या घे, अन् जेवत जाय पोटभर." मी म्हटलं, जेवते तर मी पोटभरच. पोट भरतच होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

ग्राउंडवर जे दादा आमचा सराव घेतात त्यांनी वेगळाच उपाय सांगितला. प्रोटीन पावडर. एक किलोचा डबा, दोन हजार चारशे रुपये, एका चमच्यात चोवीस ग्रॅम. माझ्या आतेभावाने तो आणला होता आणि त्याच्या खोलीत खिडकीत देवासारखा मांडून ठेवला होता. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा बैलाच्या गळ्यातली दोरी सोडत होते. वर न पाहता म्हणाले, "सोयाबीन इकलं का पाहू."

सोयाबीन विकलं गेलं दिवाळीनंतर. सहा क्विंटल. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. बाबांना मिळाले ४,१००. ओल जास्त आहे म्हणे. बाबा रात्री ओसरीत बसून विक्रीची पट्टी पुन्हा पुन्हा वाचत होते आणि अशा वेळी दोन हजार चारशेच्या डब्याची आठवण करून द्यायला तोंड लागतं, ते माझ्याजवळ नव्हतं. मी वही घेऊन शेजारी बसले. नुसतं बसायचं म्हणून आकडे मांडत होते. सोयाबीनच्या दाण्यात शंभराला अडतीस-चाळीस भाग प्रोटीन असतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. सहा क्विंटलला अडतीसने गुणलं आणि थांबले. दोनशे अठ्ठावीस किलो. आमच्या ओसरीतून, माझ्या डोळ्यांदेखत, दोनशे अठ्ठावीस किलो प्रोटीन ट्रॅक्टरवर चढून बाजारात गेलं होतं आणि मी एका डब्यासाठी रुसून बसले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले ते हाच हिशेब पुढे न्यायला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय माणसासाठी ठरवलेलं प्रोटीनचं माप आहे: वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. माझं वजन सत्तेचाळीस किलो, म्हणजे एकोणचाळीस ग्रॅम. तेही साधं बसून-उठून राहणाऱ्या माणसाचं. रोज धावणाऱ्याला, गोळा फेकणाऱ्याला किलोमागे १.२ किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे छप्पन. मग माझ्या ताटाची बेरीज केली. चार पोळ्यांचे तेरा, भाताचे साडेचार, त्या वाहत्या वरणाचे तीन, आलूची भाजी दोन, चहातल्या दुधाचे तीन, बिस्किटं दोन, आलूबोंडा तीन. एकतीसच्या आत-बाहेर. आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गहू-तांदळाचं. गहू-तांदळाच्या प्रोटीनमधे लायसिन नावाचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं. म्हणून वरण-भात. पण वरण असलं पाहिजे ना, नुसता रंग असून काय उपयोग!

त्या रात्री मी जाहीर केलं की पेरणीसाठी ठेवलेल्या सोयाबीनमधलं पायलीभर मला द्या, मी ते खाणार आहे. घरात शांतता. आजी म्हणाली, "सोयाबीन खातेत कोणी? थे तं इकाचं पीक हाय."

हे वाक्य मला अजून आठवतं. आमच्या भागात सोयाबीन येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. आजीच्या आयुष्यात ते पाहुण्यासारखं आलं. ज्वारी खायची, तूर खायची, मूग-उडीद खायचे, जवस खायचं, आणि सोयाबीन विकायचं. त्याला आमच्या चुलीची ओळखच नाही. गंमत अशी की याच आमच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींनी ते लोकांना खाऊ घातलं होतं. १९३५ साली ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते तेव्हा तिथल्या मंडळींच्या जेवणात त्यांनी सोयाबीन सुरू करून पाहिलं आणि त्याबद्दल लिहिलंही. पुढच्या वर्षी ते शेगावला राहायला गेले, त्याचं पुढे सेवाग्राम झालं. सोयाबीन मात्र मगनवाडीतून आमच्या गावापर्यंत जेवणात काही पोचलं नाही. बी म्हणून आलं, तेही पन्नास-साठ वर्षांनी आणि दुसऱ्याच वाटेने.

असो. माझा पहिला प्रयोग चांगलाच फसला. आधी तर मी कोपऱ्यातल्या पिशवीतून दाणे काढून टोपल्यात घेतले आणि बाबा ओरडलेच. ते मागच्या पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं होतं. दाण्यावर लालसर रंग दिसत होता, मला वाटलं मातीचा असेल. शेतकऱ्याच्या पोरीला हे कळू नये याची लाज वाटते, पण सांगते, कारण प्रत्येक घरात ती पिशवी असते आणि ती धुऊनसुद्धा खायची नसते.

मग चांगलं सोयाबीन घेतलं आणि तसंच कच्चं गव्हात मिसळून चक्कीवर नेलं. दळून आणलं. पोळी शेकताना घरभर वास सुटला, कच्च्या शेंगा चुरगाळल्यावर येतो तसा, उग्र. बाबांनी एक घास तोडला आणि म्हणाले, "पोई हाय का सायकलचा ट्यूब?" रात्री सगळ्यांची पोटं गुरगुरत होती. आजी अंथरुणातून म्हणत होती, "म्यां सांगतलं होतं."

चूक कुठे झाली ते नंतर वाचलं. कच्च्या सोयाबीनमधे एक असा पदार्थ असतो की जो आपल्या पोटातल्या प्रोटीन पचवणाऱ्या रसालाच अडवतो. चांगली उष्णता दिली की तो निकामी होतो. वासही दाणा गार पाण्यात फुटल्यावर जास्त सुटतो, उकळत्या पाण्यात टाकलं तर कमी. म्हणून पद्धत अशी: पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची, मग त्यात दाणे सोडायचे, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचे, पाणी ओतून द्यायचं, हाताने चोळून सालं जमतील तेवढी काढायची आणि दोन दिवस माडीवर कडक उन्हात वाळवायचे. मग नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन. याहून जास्त घातलं तर पोळी तुटते आणि बाबांना पुन्हा ट्यूब आठवतं. चक्कीवाले काका मला पाहिलं की अजूनही विचारतात, "एकटं सोयाबीन तं नाही ना आणलं वं? पाट्याले चिकटते." तेलाचा दाणा आहे, चिकटणारच. गव्हात मिसळून नेलं की काही बोलत नाहीत.

आता खरं सांगायचं तर एवढ्या खटाटोपानंतर चार पोळ्यांमागे वाढले जेमतेम तीन ग्रॅम. मी हिशेब केला तेव्हा थोडी हिरमुसले. पण ती पोळी घरातले पाचही जण खातात आणि कोणाला वेगळं काही करावं लागत नाही, म्हणून ते सुरू ठेवलं. बाकीचे उकडलेले दाणे कढईत मिठासोबत खरपूस भाजून ठेवले, ते मात्र झपाट्याने संपतात.

सोयाबीनच्या वड्यांचं पाकीटही आता आठवड्यातून एकदा येतं. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅममागे बावन्न ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे मूठभर वड्यांत तेरा-चौदा ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पिळून, मग आलू-वांग्याच्या रश्शात. मी आजीला सांगितलं की कारखान्यात सोयाबीनचं तेल काढून घेतात आणि उरलेल्या पिठाच्या या वड्या करतात. आजीने वडी हातात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. "म्हंजे ढेपच झाली ना! माणसाले बी ढेपच चारून रायले का आता?" आमची गाय सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, खाते, त्यामुळे आजीचं म्हणणं एकदम चुकीचं आहे असं मला म्हणता येईना. आमच्या शेतातला दाणा चार हजार शंभर रुपये क्विंटलने जातो, त्याचं तेल पिप्यात भरून परत येतं, ढेप पाकिटात भरून परत येते, आणि दोन्हींचे पैसे आम्हीच देतो.

तेलावरून आठवलं. ग्राउंडवर मुलींमधे एक समजूत पक्की आहे की तेल-तूप म्हणजे वजन. मीही वर्षभर जवसाची चटणी ताटात बाजूला सारत होते. एक तर तेलकट, आणि दुसरं म्हणजे कॉलेजात डबा उघडला की ती काळपट चटणी दिसायला गरिबाघरची वाटायची. कोणाच्या डब्यात पनीर असायचं. मी झाकण अर्धं लावून खायची.

आमच्याकडे जवस आधी रब्बीत घरोघरी असायचं. आजी सांगते, गोळाभातावर जवसाचंच कच्चं तेल घ्यायचे, आणि त्या वासाने शेजारच्या घरी कळायचं की आज यांच्याकडे गोळाभात आहे. आता बाबा बांधाच्या कडेने चार ओळी पेरतात, चटणीपुरत्या. त्या जवसाच्या दाण्यात चाळीस टक्क्यांवर तेल असतं आणि त्या तेलातलं निम्म्याहून जास्त ओमेगा-३ जातीचं. लोक ज्याच्यासाठी मासळीच्या तेलाच्या गोळ्या घेतात तेच कूळ. अगदी तेच नाही, आपलं शरीर जवसातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग मासळीतल्या प्रकारात बदलू शकतं. पण जवसातलं हे मूळ आम्ल शरीराला स्वतःला तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तर तेल-तुपाशिवाय अंगाला नीट लागत नाहीत. हे मला परीक्षेसाठी पाठ होतं आणि तरी चटणी बाजूला सारत होते.

दाणा अख्खा खाऊन उपयोग नाही, तो जसाच्या तसा बाहेर पडतो. तडतडेपर्यंत भाजायचा, मग वाळलेली मिरची, लसूण, मीठ घालून कुटायचा. इथे माझ्याकडून दुसरा घोळ झाला. एप्रिलमधे परीक्षा जवळ आली म्हणून एकदाच मोठा डबाभर चटणी करून ठेवली. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाच्या छपराखालचं स्वयंपाकघर तर भट्टीच. आठ-दहा दिवसांत चटणीला खवट वास. हे तेल जेवढं गुणाचं तेवढंच नाजूक, कुटल्यावर हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडतं. आईने अख्खा डबा ओतून दिला आणि चार दिवस माझ्याशी तुटक बोलली. आता आठवड्यापुरतीच करतो आणि माठाच्या बाजूला, ओल्या पोत्याजवळ, घट्ट झाकणात ठेवतो.

फल्लीदाण्याला, म्हणजे शेंगदाण्याला, एवढे लाड लागत नाहीत. रात्री पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे माझी एक मूठ, पाण्यात टाकून ठेवते. सहा ग्रॅमच्यावर प्रोटीन आणि बारा-तेरा ग्रॅम तेल, तेही चांगल्या जातीचं. सुरकुतलेला, काळा पडलेला, बुरशीचा दाणा मात्र वेचून फेकायचा. एखादा कडू लागला तर गिळायचा नाही, थुंकायचा. बुरशीचं विष भाजून जात नाही. पहाटे एसटीत बसल्यावर भिजलेले दाणे आणि गुळाचा खडा. आधी बिस्किटांवर साडेनऊलाच पोटात कावळे ओरडायचे, आता बारा वाजेपर्यंत भुकेची आठवण येत नाही. तेलाचा हा गुण मला आवडतो, ते सावकाश उतरतं. आणि वजनाची भीती? आठ महिन्यांत दीड किलो वाढलं, आणि गोळा आधीपेक्षा हातभर लांब पडतो.

अंड्यांबद्दल फार लिहीत नाही. आजी माळकरी आहे. अंगणात, न्हाणीच्या मागे, तीन विटांची वेगळी चूल आहे आणि एक जर्मनचं भगोणं आहे जे घरात येत नाही. रविवारी मी आणि लहान भाऊ तिथे चार अंडी उकडून दोन-दोन खातो. अंड्यामागे सहा ग्रॅम. आजी त्या वेळी मंदिरात गेलेली असते. बरोबर त्याच वेळी का जाते हे आम्ही विचारत नाही.

हिवाळ्यात तर प्रोटीन फुकटच मिळालं. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा, म्हणजे आमचे सोले. सोले-वांग्याची भाजी, सोलेभात. मग पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, मग हरभऱ्याचे घाटे. एसटीच्या थांब्यावर उभ्याउभ्या घाटे सोलून खायचे. त्या दोन महिन्यांत मी वही उघडलीच नाही.

फेब्रुवारीनंतर अडचण आली. ओलं संपलं, आणि वहीत पुन्हा दहा-बारा ग्रॅमचा खड्डा दिसू लागला. तो दुधानेच भरण्यासारखा होता. आमची चांदी दोन्ही वेळचं मिळून सहा लिटर देते. त्यातलं चहापुरतं पाव लिटर घरात राहतं, बाकी सगळं डेअरीवर जातं, लिटरला बत्तीस रुपयांनी. दर दहा दिवसांनी येणारे ते पैसे आईचे. सोयाबीन-कपाशीचे पैसे बाबांचे आणि ते येण्याआधीच कृषी केंद्राच्या उधारीत गेलेले असतात. तेल, साखर, भावाची फी, माझा पास, सगळं चांदीवर चालतं.

मी आईला म्हटलं, "मला रोज अर्धा लिटर दूध पाहिजे."

आई भांडी घासत होती. "काऊन वं? अन् किराणा कायनं भरू?"

मी वही काढली. अर्ध्या लिटरमधे सोळा ग्रॅम प्रोटीन आहे, साय आहे, कॅल्शियम आहे. आई ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की ती मनात दुसराच गुणाकार करतेय. अर्धा लिटर म्हणजे सोळा रुपये, महिन्याचे चारशे ऐंशी. शेवटी तिने राख लागलेल्या हाताने केस मागे सारले आणि म्हणाली, "पोटच्या पोरीले दूध नाही म्हणू नये मायनं. पण थे चारशे ऐंशी कुठून आणू, थे तूच सांग."

मी गप्प झाले. राग नाही आला, खरंच नाही आला. तिच्या बाजूने हिशेब बरोबर होता. रात्री झोपताना आलूबोंडा आठवला. पंधरा रुपये आलूबोंडा, दहा रुपये चहा. रोजचे पंचवीस. हे पैसे मला बाबा देतात, बसायला-उठायला म्हणून. त्यातले सोळा आईला दिले तर नऊ उरतात, आणि नऊ रुपयांत पन्नास-साठ ग्रॅम फुटाणे येतात. म्हणजे तळलेल्या आलूतले तीन ग्रॅम वजा करूनही बावीस-चोवीस ग्रॅम मिळतात, आईचं काही बुडत नाही, बाबांचं काही वाढत नाही. सकाळी आईला सांगितलं, "मी विकत घेते. डेअरीच्या भावानेच."

आई आधी हसली, मग थोडी लाजली, मग म्हणाली, "फॅट नाही लागली तरी बत्तीसच लावीन हो मी." आणि त्याच दिवशी कॅलेंडरवर पहिली काडी ओढली.

तेव्हापासून माझी पहाट अशी: पाव लिटर दुधात आजीच्या हातचं सातूचं पीठ आणि गूळ. सातू म्हणजे भाजलेला गहू, डाळवं, थोडी सुंठ-वेलची, एकत्र दळलेली. चूल पेटवायला नको, बाटलीत घालून हलवलं की झालं. एसटीत फल्लीदाणे. साडेदहाला आलूबोंड्याच्या गाडीकडे पाठ करून फुटाणे, हे सगळ्यात अवघड. तळणाचा वास पाठीला कळत नाही असं थोडंच आहे. डब्यात सोयाबीनच्या पोळ्या, जवसाची चटणी आणि भाजी किंवा डाळभाजी. ग्राउंडच्या आधी एक केळ, कधी असलं तर. रात्री घट्ट वरण आणि उरलेलं पाव लिटर. बेरीज साठच्या वर जाते. परीक्षेच्या दिवसांत दोन-तीनदा हे सगळं कोसळलं आणि मी आलूबोंडा खाल्ला, तर्री पोहेसुद्धा खाल्ले, आणि मला त्याचा काही पश्चात्ताप नाही.

८०० मीटरला मला आधी तीन मिनिटं पन्नास सेकंद लागायचे. आता तीन बावीस. लोहाच्या गोळ्या, सराव आणि जेवण, यातल्या कोणामुळे किती सेकंद कमी झाले ते सांगता येणार नाही. आतेभावाचा डबा संपला, त्याने दुसरा आणला नाही. तो परवा येऊन भाजलेलं सोयाबीन खिशात भरून घेऊन गेला.

मागच्या आठवड्यात सुट्टी होती तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर घरातल्या सगळ्यांचा हिशेब मांडला. बाबांचे बेचाळीस आले, भावाचे चाळीस. आजी कमी खाते, तिचे अठ्ठावीस. आईचे मांडायला बसले तेव्हा लक्षात आलं की ती सगळ्यात शेवटी जेवते आणि त्या वेळी वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी असतं, डाळ नसते. चहाही ती कोराच घेते. म्हणते, दुधाने पित्त होतं. सव्वीस आले. तिचं वजन माझ्यापेक्षा सात किलोने जास्त आणि ती निंदायला जाते, गाईचं सगळं करते, धुणं नेते. मी वही तिच्यासमोर धरली.

तिने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "तुही तं पोलीस भरती हाय. माही कोणती भरती हाय?"

मी काही बोलले नाही. आता संध्याकाळी वरण मीच लावते. आधी दोन मुठी तुरीची डाळ पडायची, मी चार घालते, आणि वाढायच्या आधी एक वाटी तळापासून ढवळून काढून फडताळात झाकून ठेवते. पहिल्या दिवशी आईने ती वाटी भावाच्या ताटात ओतली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी ताट घेऊन बसले.